सही जुळत नाही

गेल्या श्रावणात माझ्या कादंबरीची तेरा पाने डोळ्यांदेखत नाहीशी झाली. नायिकेची आई जाते, त्या प्रकरणातले एक वाक्य उचलून मी वर नेऊ पाहत होतो. लॅपटॉपच्या टचपॅडवर बोट ठेवले. पडद्यावरचा बाण थबकला, थरथरला आणि एकाएकी उडी मारून खाली गेला. जाताना त्याने सगळा मजकूर निळा केला आणि गडबडीत मी भलतेच बटण दाबले. पाने 'अनडू' केल्यावर परत आली. पण गेलेली झोप काही परत आली नाही.

कारण मला शंका यंत्राची आली नाही; स्वतःच्या बोटाची आली. आमच्या घराण्यात हाताला कंप आहे. सत्तरीनंतर वडिलांना चहाची बशी धरवत नसे. थोरल्या भावाचेही तेच झाले. आता आपली पाळी, असे मी मनाशी धरून चाललो आणि घरात कोणाला काही बोललो नाही. न्हाणीघराचे दार लावून घ्यायचे, हात पुढे पसरायचा आणि बोटांवर कागद ठेवून तो हलतो का पाहायचे, हा माझा रोजचा उद्योग झाला. कागद हलायचाच. तो थोडाफार सगळ्यांचाच हलतो, हे तेव्हा कोण सांगणार?

असे दहा दिवस गेल्यावर मला आमचे जुने हेडक्लार्क आठवले. मी बँकेत लागलो तेव्हा खतावण्या हाताने लिहिल्या जात. संध्याकाळी बेरीज जुळली नाही, तर कोणी घरी जात नसे. नवी पोरे एकमेकांवर खेकसू लागली की हेडक्लार्क शांतपणे विचारत, "फरक किती आहे? नऊने भाग जातो का?" भाग जात असेल, तर बहुधा कोणी तरी ५४ चे ४५ लिहिलेले असे. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर नावेची रक्कम जमेला गेलेली असे. आणि काहीच सापडले नाही, तर ते म्हणत, "तूर्त उचंत खात्यात टाका. सापडेपर्यंत कोणाचे नाव घ्यायचे नाही."

मी मात्र माझ्या बोटाचे नाव चौकशीविनाच घेऊन टाकले होते. मग वही उघडली आणि ठरवले, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते लिहायचे.

आधी हे टचपॅड चालते कसे, ते समजून घेतले. ते दाबाने बाण हलवत नाही. त्याच्या गुळगुळीत पृष्ठाखाली विद्युतवाहक रेषांची आडवी-उभी बारीक जाळी असते. आपले बोटही विजेचे वाहक. ते जवळ आले की त्या ठिकाणचा विद्युतभार किंचित बदलतो, आणि यंत्र तो बदल सतत मोजत राहते. म्हणूनच लाकडी पेन्सिल फिरवली तर बाण ढिम्म हलत नाही. अ‍ॅपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत १९९४ साली अशी पट्टी बसवली गेली आणि पुढे ती लॅपटॉपवर रुळली. त्या वर्षी मी शाखेत व्हाउचरांवर शाईच्या पेनाने सह्या ठोकत होतो.

मोजमाप इतके नाजूक, तर ओलावाही बाधणार. पावसाळी हवा, घामेजलेला हात. लॅपटॉप बंद करून टचपॅड किंचित ओल्या मऊ कापडाने पुसले, कोरडे केले, हात धुऊन पुसले. वहीत लिहिले: फरक नाही.

मग चार्जर काढला. थरथर थांबली! माझ्या टेबलाजवळच्या जुन्या बोर्डाला अर्थिंग नव्हते. तसे असले की चार्जरमधून येणारी विजेची बारीक कुरकुर टचपॅडच्या मोजमापात मिसळते. स्वयंपाकघरातल्या अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटला लावून पाहिले, तिथेही थरथर नाही. चोर सापडला, असे वाटले. पण तासाभरात बाणाने पुन्हा उडी मारली. थरथर गेली, उड्या राहिल्या. चुका दोन असल्या, आणि एक सापडली, की माणूस दुसरी शोधायचे सोडून देतो. बँकेतही रात्री दहाला हेच व्हायचे.

यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता कमी केली. फरक नाही. टचपॅड बंद करून साधा माउस जोडला. बाण तासभर गुणी बाळासारखा वागला. शेवटी टचपॅड पुन्हा सुरू करून बायकोला हाक मारली आणि बोट फिरवायला सांगितले. तिच्या भाकरी थापणाऱ्या हातालाही बाण जुमानेना.

"पण मला कशाला बोलावलंत?" तिने विचारले. मग सगळे सांगावे लागले. कागदाचेसुद्धा.

ती काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, इतके दिवस एकट्याने?" आणि बोलता बोलता लॅपटॉपच्या कडेवर हात टेकवून, "हा डुगडुगतोय बघा. पाटाखाली खडा असावा तसा."

टेबल सपाट होते. लॅपटॉपचे पोट नव्हते. टचपॅडची एक कड नखभर वर आली होती.

दुरुस्तीवाल्या मुलाने फोनवरच बजावले, "काका, आधी बंद करा. चार्जर अजिबात लावू नका." त्याने यंत्र उघडले, तर टचपॅडखालची चपटी बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. लिथियम बॅटरी जुनी होते तेव्हा आतल्या रसायनांचे विघटन होऊन वायू साठतो. उष्णता आणि कायम पूर्ण चार्ज ठेवणे, यांनी हे लवकर घडते. माझा लॅपटॉप चार वर्षे रात्रंदिवस विजेला जोडलेला होता. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, वापरायची नाही. तिला आग लागू शकते. घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळी द्यावी लागते. नवी बॅटरी बसली, टचपॅड जागेवर बसले आणि उड्या थांबल्या. हात डॉक्टरांनाही दाखवला. वयाच्या मानाने ठीक आहे.

पण त्या रात्री मला एक निवृत्त शिक्षक आठवले. पेन्शन काढायला आले, तेव्हा मी त्यांची स्लिप परत केली. "सही जुळत नाही, पुन्हा करा." त्यांनी केली. मी पुन्हा परत केली. डाव्या अंगठ्याचा ठसा आणि दोन साक्षीदार चालतात, हे मी तिसऱ्या खेपेला सांगितले. तोपर्यंत ते बाकावर बसून आपल्या हाताकडे पाहत होते. मी नमुना कार्डाकडे पाहत होतो.

तुमच्या घरात कोणी वडीलधारे "मला आता हे यंत्र जमत नाही" म्हणत असतील, तर लगेच "बरं" म्हणू नका. ते यंत्र एकदा सपाट टेबलावर ठेवून पाहा.