डोके व मानेच्या कर्करोगाच्या किरणोपचार-नियोजनात कृत्रिम बुद्धिमत्ता

किरणोपचार सुरू करण्यापूर्वी किरण नेमके कोठे, किती मात्रेत व कोणत्या दिशांनी द्यावयाचे याचा आराखडा करावा लागतो. डोके व मानेच्या कर्करोगात हे काम विशेष किचकट असते. त्यातील अवयवांचे रेखांकन व मात्रेची आखणी हा भाग आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने करता येतो.

पार्श्वभूमी

गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत तंबाखू, सुपारी व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा सर्रास खाल्ला जातो. तो गालात धरून ठेवण्याची सवय असल्याने गाल व हिरड्या यांचा कर्करोग संभवतो. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू व तंबाखू नियंत्रणाचे अभियान चालते. मुखाच्या कर्करोगावर बहुधा आधी शस्त्रक्रिया होते व गरजेनुसार नंतर किरणोपचार दिले जातात. ते शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, असा संकेत आहे. नियोजनाला लागणारा वेळ याच मुदतीतून जातो; म्हणून तो वाचविण्याला महत्त्व आहे.

नियोजनाची रीत

रुग्णाच्या चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीदार मुखवटा तयार करून सीटी स्कॅन काढतात. नंतर किरणोपचारतज्ज्ञ प्रत्येक छेदप्रतिमेवर दोन प्रकारच्या सीमा आखतो: जेथे किरण पोहोचले पाहिजेत तो भाग, आणि जपावयाचे अवयव, म्हणजे मज्जारज्जू, मस्तिष्कस्तंभ, लाळग्रंथी, स्वरयंत्र, जबडा इत्यादी. शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे ६० ग्रे मात्रा ३० हप्त्यांत देतात. शस्त्रक्रियेविना पूर्ण उपचार असल्यास ७० ग्रे ३५ हप्त्यांत. मज्जारज्जूला मात्र ४५ ते ५० ग्रेच्या वर मात्रा जाऊ द्यायची नसते आणि कानाजवळील लाळग्रंथीची सरासरी मात्रा शक्यतो २६ ग्रेच्या आत ठेवतात. ती ग्रंथी निकामी झाली की तोंड कायमचे कोरडे पडते, आणि कोरडी भाकरी गिळणे हीच रोजची परीक्षा होऊन बसते. हे सारे हाताने आखण्यास कित्येक तास लागतात. शिवाय दोन तज्ज्ञांनी आखलेल्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत.

संगणकाचे काम

तज्ज्ञांनी आखलेल्या असंख्य प्रतिमा दाखवून संगणकास अवयव ओळखण्यास शिकवितात. यासाठी वापरली जाणारी 'यू-नेट' ही रचना २०१५ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात मांडली गेली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयाच्या सहकार्याने डीपमाइंडने २०१८ साली डोके व मानेतील २१ अवयवांचे स्वयंचलित रेखांकन प्रसिद्ध केले. रेखांकनानंतर किरणांच्या दिशा व तीव्रता ठरविण्याचे कामही संगणक करू शकतो.

अमेरिकेतील एम. डी. अँडरसन केंद्राने तज्ज्ञांची वाण असलेल्या रुग्णालयांसाठी अशी प्रणाली विकसित केली आहे. तिची पारख करणाऱ्या 'आर्चरी' या अभ्यासात भारत, जॉर्डन, मलेशिया व दक्षिण आफ्रिका या देशांतील ९९० रुग्णांचा समावेश योजला होता. पैकी ३३० डोके व मानेच्या कर्करोगाचे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यात सहभागी आहे.

मर्यादा

सर्वसाधारण शरीररचनेत संगणक चांगले काम करतो. परंतु जबड्याचा तुकडा काढून तेथे छातीचे वा पायाचे मांस बसविलेले असेल, तर त्याची गल्लत होऊ शकते. आणि खर्र्याच्या रुग्णांत अशा शस्त्रक्रिया नेहमीच्याच. म्हणून प्रत्येक सीमा तज्ज्ञाने तपासणे व प्रत्येक आराखडा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाने पडताळणे अनिवार्य ठरते.

दुर्गम भागातील उपयोग

सिरोंचापासून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर, आणि नागपूर त्याहून कितीतरी पुढे. सीटी प्रतिमा दूरच्या केंद्राकडे धाडून आराखडा मागविता येतो. त्यामुळे तज्ज्ञ कमी असलेल्या जिल्ह्याच्या केंद्रातही चांगले नियोजन शक्य आहे. किरणयंत्र मात्र जेथे आहे तेथेच रुग्णाला जावे लागते, आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे. त्या काळातील निवास, भाडे व बुडालेली मजुरी यांवर संगणकाकडे उपाय नाही.