अर्धपोटी पिकवायची तंबाखू

हेक्टरी 56 ते 90 किलो नत्र. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी शिफारस एवढीच आहे. त्याच देशात हवेवर वाळवली जाणारी बर्ले तंबाखू हेक्टरी 170 ते 225 किलो नत्र पचवते. मग व्हर्जिनियाच्या बाबतीतच हात आखडता का?

निकोटीनमुळे, असे उत्तर चटकन सुचते. पण हिशेब करून पाहा. निकोटीनच्या वजनात सुमारे 17 टक्के नत्र असते. हेक्टरी 2,400 किलो वाळलेले पान आणि त्यात अडीच टक्के निकोटीन धरले, तर निकोटीन झाले 60 किलो आणि त्यातले नत्र जेमतेम 10 किलो. उरलेले नत्र पानाच्या वाढीला लागते, आणि ते संपते कधी यावर सगळे अवलंबून आहे. शेंडा खुडायच्या सुमारास जमिनीतले नत्र सरत आले, तर पान पिवळे पडत पिकते आणि त्यात पिष्ट साठते. पान भट्टीत वाळवताना त्याची साखर होते. नत्र शिल्लक राहिले, तर पान हिरवेच राहते, बगलफूट थांबत नाही, भट्टीतून माल काळपट निघतो, निकोटीन वाढते आणि साखर घटते. एका टप्प्यापर्यंत नत्राने वजन वाढते हे खरे. पण पुढे वजन फारसे हलत नाही आणि प्रत मात्र उतरते. भाव तर प्रतीला मिळतो. म्हणून तिथला सल्लागार आधी विचारतो, वरची रेताड माती किती खोल आहे? चिकणमातीचा थर खोल असेल तर नत्र झिरपून जाते आणि मात्रा थोडी वाढवावी लागते.

पालाशचे गणित वेगळे. त्याने पान चांगले जळते, तेव्हा ते हवेच. प्रश्न कोणत्या पोत्यातून द्यायचे हा. हेक्टरी 100 किलो पालाश म्युरेट ऑफ पोटॅशमधून दिले, तर सोबत सुमारे 75 किलो क्लोरीन शेतात जातो. नॉर्थ कॅरोलिनातली मर्यादा आहे साधारण 34 किलो. थोडा क्लोरीन पानाला लवचीक ठेवतो, म्हणून ती शून्यावर आणलेली नाही. पण वाळलेल्या पानात त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या वर सरकू लागले की जळण बिघडू लागते, पान दमट राहते. म्हणून बराचसा पालाश सल्फेट ऑफ पोटॅशमधून देतात, खत महाग पडले तरी. विहिरीचे पाणीच खारे असेल, तर मात्र खत बदलून भागत नाही.

निपाणीच्या विडी तंबाखूला व्हर्जिनियाचा हा नत्राचा आकडा जसाच्या तसा लावू नये. विडीला हवा तिखटपणा, कडक जर्दा; साखरेची पर्वा तिथे कमी. गुजरातेतल्या चरोतरात पाण्याखालच्या विडी तंबाखूला हेक्टरी दीडशे किलोंच्या पुढे नत्र देतात, ते याच कारणाने.