90.4 वरचं गाव

सोलापूरहून हैदराबादला निघालं की उमरग्याच्या पुढे महाराष्ट्र संपतो. मग बसवकल्याण, हुमनाबाद ही कर्नाटकातली गावं मागे पडतात आणि तेलंगणात शिरल्यावर जहीराबाद लागतं. या रस्त्यावर भाषा दोनदा बदलते, पण शेतातली ज्वारी, तूर, हरभरा काही बदलत नाहीत. बीडच्या पाटोदा तालुक्यात उगम पावलेली मांजरा लातूर, बिदर करत याच मुलखात येते. 1956 सालापर्यंत मराठवाडा आणि हा भाग एकाच हैदराबाद राज्यात होता. इथल्या झरासंगमच्या केतकी संगमेश्वराला आजही आपल्याकडचे भाविक जातात.

त्याच परिसरात माचनूर नावाचं लहानसं गाव आहे. मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी आपलंही एक माचणूर आहे आणि दोन्ही माचनूर ज्वारीच्याच मुलखात. पण तेलंगणातल्या माचनूरची ओळख वेगळी आहे. 15 ऑक्टोबर 2008 रोजी तिथून 90.4 मेगाहर्ट्झवर संघम रेडिओ सुरू झाला. सरकार किंवा शिक्षणसंस्थेच्या हाती नसलेलं, सामाजिक संस्थेला परवाना मिळून सुरू झालेलं हे देशातलं पहिलं सामुदायिक रेडिओ केंद्र. आणि ते चालवायला घेतलं ते दलित शेतकरी बायकांनी.

आवाज जितका दूर जाईल तितका रेडिओ मोठा, असं आपण धरून चालतो. माचनूरच्या रेडिओचा आवाज मात्र साधारण 25 किलोमीटरांवर संपतो, आणि तरीही भारतातल्या नभोवाणीचा इतिहास लिहायचा तर त्याच्याशिवाय तो पुरा होत नाही.

या गोष्टीची सुरुवात रेडिओपासून होत नाही, ती पडीक जमिनीपासून होते. 1983 साली इथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक, पी. व्ही. सतीश, हे मूळचे म्हैसूरचे. दूरदर्शनमध्ये निर्माता म्हणून काम करून ते खेड्याकडे वळले होते. गावागावांत गरीब, बहुतांशी दलित बायकांचे गट झाले. तेलुगूत त्यांना संघम म्हणतात. या बायकांच्या वाट्याला आलेली जमीन थोडी आणि हलकी, बरीचशी पड टाकलेली. त्यांनी बांध घातले, शेणखत घातलं, एकाच रानात ज्वारी, तूर, राळा, नाचणी, कडधान्यं अशी मिसळ पेरणी धरली. घरोघरी बियाणं राखलं. रेशनवर तांदूळ मिळत होता, पण रानात पिकत होती ज्वारी. म्हणून 1995 च्या सुमारास गावातच पिकवलेली ज्वारी गावातच वाटण्याची स्वतःची धान्यव्यवस्था त्यांनी उभारली. पुढे सुमारे 75 गावांत आणि 5,000 बायकांपर्यंत हे काम पसरलं.

या सगळ्या शहाणपणाचा एकही कागद नव्हता. कोणतं बी कशाबरोबर पेरायचं, कणगीत दाणा कसा टिकवायचा, बाळंतिणीला कुठलं धान्य द्यायचं, हे सारं तोंडी होतं आणि त्यातलं पुष्कळसं गाण्यात होतं. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत जसा सगळा संसार मावायचा, तसंच. ज्यांचं ज्ञान बोलण्यात आणि गाण्यात आहे, त्यांना पुस्तकापेक्षा रेडिओ जवळचा. रेडिओला अक्षरओळख लागत नाही. ऐकताना हात मोकळे राहतात, भाकरी थापता येते, धान्य निवडता येतं. शिवाय शहरातल्या केंद्रांवरून येणारी तेलुगू पुस्तकी होती. उर्दू, कानडी, मराठीचे शब्द सहज सामावून घेणारी आपली बोली या बायकांना त्या आवाजात सापडत नव्हती.

1998 च्या सुमारास युनेस्कोच्या मदतीने माचनूरला केंद्राची उभारणी झाली. ध्वनिमुद्रणाची साधनं आली, बायकांना प्रशिक्षण मिळालं. सगळी तयारी झाली आणि गाडी अडली ती परवान्यापाशी. 1885 सालच्या भारतीय तार कायद्यानुसार बिनतारी प्रसारणाचा अधिकार सरकारचा. सरकारने परवाना दिल्याशिवाय प्रक्षेपकाचं बटण दाबणं हा गुन्हा. आणि गावकऱ्यांच्या संस्थेला परवाना द्यायची तरतूदच नव्हती.

पुढची जवळजवळ दहा वर्षं हा रेडिओ हवेवर न जाता चालला. या बायकांची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच. अल्गोल नरसम्मा आणि ‘जनरल’ नरसम्मा या दोघींवर केंद्राची जबाबदारी होती. पहिलीच्या नावाआधी तिचं गाव लागतं. नाव एकच असल्यावर गाव अशीच सोय लावतं. त्यांनी ध्वनिमुद्रणं चालू ठेवली. शेतीची गाणी, बियाण्याच्या गप्पा, औषधी पाल्याची माहिती, म्हाताऱ्यांच्या आठवणी टेपवर उतरत राहिल्या. हवेतून पाठवता येत नाही म्हणून त्या टेप हातात घेऊन संघमच्या बैठकांत जायच्या. बायका गोल करून बसायच्या, मधोमध टेपरेकॉर्डर, आणि मुद्रण संपलं की चर्चा. एका गावची बाई बोलली ते दुसऱ्या गावच्या बाईला असं ऐकू जायचं. लहरींचं काम पायांनी केलं.

याच काळात संस्थेच्या काही बायका व्हिडिओ कॅमेराही शिकल्या, आणि त्यांनी चित्रीकरणाच्या कोनांना स्वतःची नावं दिली. कॅमेरा वरून खाली पाहतो तो पटेल शॉट, कारण गावचा पाटील मजुराकडे तसाच बघतो. खालून वर बघणारा तो गुलामाचा शॉट. आणि कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असला की तो संघम शॉट. या बायकांची पसंती संघम शॉटला. जमिनीवर बसलेल्या माणसाशी बोलायचं तर आपणही जमिनीवर बसायचं. माध्यमशास्त्राचे जाडजूड ग्रंथ जे सांगतात ते इथे तीन नावांत सांगून झालं. संघम रेडिओचा स्वभावही हाच आहे. बोलणारी आणि ऐकणारी एकाच पातळीवर बसलेल्या.

परवान्याचं कुलूप उघडायला कारण झालं क्रिकेट. 1993 सालच्या हिरो कप स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 9 फेब्रुवारी 1995 रोजी निकाल लागला. त्या पीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकहितासाठी व्हायला हवा आणि त्यावर कोणाचीच मक्तेदारी असू नये, सरकारचीही नाही, असा त्या निकालाचा गाभा. खटला मैदानावरच्या खेळाचा होता, पण निकालाने माचनूरच्या बायकांना बळ दिलं.

निकालानंतरही वाट लांबच होती. 1996 मध्ये बंगळूरला सामुदायिक रेडिओची मागणी करणारं घोषणापत्र निघालं. जुलै 2000 मध्ये पस्तापूरच्या नावाने आणखी एक जाहीरनामा आला. सरकारी रेडिओ आणि धंद्याचा रेडिओ यांच्या जोडीला लोकांचा तिसरा रेडिओ हवा, असं त्याचं म्हणणं. पस्तापूर म्हणजे जहीराबादला लागून असलेलं, संस्थेचं ठिकाण. सरकारला भीती होती गैरवापराची. लहरी मोकळ्या झाल्या त्या आधी पैसेवाल्यांसाठी. 3 जुलै 2001 रोजी बंगळूरला देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं. डिसेंबर 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि 1 फेब्रुवारी 2004 रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र बोलू लागलं. सामाजिक संस्थांसाठी दार उघडलं ते नोव्हेंबर 2006 च्या धोरणाने. तोवर माचनूरच्या टेप गावोगाव फिरतच होत्या.

शेवटी 15 ऑक्टोबर 2008 उजाडला. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला ग्रामीण महिलांचा आंतरराष्ट्रीय दिवस जगात पहिल्यांदा पाळला गेला तो याच दिवशी. उद्घाटनाला आले न्यायमूर्ती सावंत. लहरी लोकांच्या आहेत असं तेरा वर्षांपूर्वी ज्यांनी न्यायालयात लिहिलं, त्यांनीच त्या शेतकरी बायकांच्या हाती दिल्या. न्यायमूर्ती 15 फेब्रुवारी 2021 रोजी पुण्यात गेले. त्यांच्या कारकिर्दीचे मोठे टप्पे आपल्याकडे सांगितले जातात, त्यांत माचनूरचा हा दिवस क्वचितच येतो. तो यायला हवा.

आता थोडं यंत्राबद्दल. सामुदायिक केंद्राचा प्रक्षेपक साधारण 50 वॅटचा असतो. घरातला छताचा जुना पंखाच सुमारे 75 वॅट वीज खातो, म्हणजे पंख्याहून कमी ताकदीत हा आवाज निघतो. त्याचा मनोरा नियमाप्रमाणे 30 मीटरपेक्षा उंच नसावा. 90.4 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी भरते साधारण 3.3 मीटर. आकाशवाणीच्या मध्यम लहरी हिच्या कित्येक पट लांब, शेकडो मीटरांच्या. त्या जमिनीला धरून दूरवर सरकतात. एफएमची आखूड लहर जवळपास नजरेच्या रेषेत चालते. टेकडी आडवी आली की अडते, क्षितिज आलं की सुटून जाते. पण जिथवर पोचते तिथवर स्वच्छ पोचते. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याने 1933 मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीत आवाज लहरीच्या उंचीत न ठेवता तिच्या कंपनसंख्येच्या चढउतारात ठेवलेला असतो. वीज कडाडली की लहरीची उंची बिघडते, म्हणून जुन्या रेडिओत खरखर येते. एफएमला तिचा त्रास फार कमी. आणि एफएमचा आखूड पल्ला, जो मर्यादा म्हणून शिकवला जातो, तोच खेड्याच्या रेडिओला सोयीचा ठरतो. हद्दीतली गावं एकमेकांना ओळखतात, एकाच बाजाराला जातात, एकाच पावसाची वाट पाहतात.

प्रसारणाची वेळही त्याच गावांनी ठरवल्यासारखी, संध्याकाळी सात ते नऊ. बाई रानातून परतलेली असते, चूल पेटलेली असते. त्या दोन तासांत पेरणीची, बियाण्याची, तब्येतीची बोलणी होतात, सणावारांची गाणी होतात, आणि होतात ती गावच्याच बोलीत. संस्थेची ‘पात पंटल जातरा’, म्हणजे जुन्या पिकांची जत्रा, संक्रांतीच्या सुमारास निघते. सजवलेल्या बैलगाड्यांवर मातीची भांडी असतात, भांड्यांत वाणावाणाचं बियाणं, आणि गाड्या गावोगाव जातात. जे बी बाजारातून नाहीसं झालं ते इथे गाडीवर बसून मिरवतं. त्या बियाण्याचं बोलणं आणि त्याची गाणी जपायला या जत्रेच्या मुलखात रेडिओसारखं दुसरं साधन नाही.

अडचणी नाहीत असं नाही. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, परीक्षा, पाणी-विजेच्या सूचना, स्थानिक उत्सव एवढं चालतं, पण गावच्या कारभारावरची बातमी नाही. ज्या माध्यमाला गाव सर्वांत चांगलं ठाऊक, त्यालाच गावाची बातमी द्यायला बंदी असावी, हे मला पटत नाही. पैशांचंही तसंच. जाहिरातींची मर्यादा आधी तासाला पाच मिनिटं होती, मग सात झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये ती बारा झाली आणि सरकारी जाहिरातीचा दहा सेकंदांचा दर 52 रुपयांवरून 74 रुपये झाला. मनोरा, वीज, दुरुस्ती आणि माणसांचे पगार यात भागवायचे, तर हात आखडताच राहतो.

तरीही माचनूरने वाट पाडली. आठच दिवसांत, 23 ऑक्टोबर 2008 ला, मध्य प्रदेशात ओरछाला रेडिओ बुंदेलखंड सुरू झाला. आपल्याकडे त्याच वर्षी माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी उभी राहिली. बारामतीची शारदा कृषी वाहिनी, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी याच कुळातल्या. देशात अशी केंद्रं आता पाचशेच्या घरात आहेत. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीला 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पी. व्ही. सतीश 19 मार्च 2023 रोजी गेले. ते वर्ष जगभर भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं होत होतं. ज्या ज्वारी-नाचणीसाठी त्यांनी आणि या बायकांनी चाळीस वर्षं घातली, तिचा मान जगाने केला तो त्याच वर्षी.

या परिचयाचा शेवट एका विनंतीने करतो. तुमच्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरांत असं केंद्र आहे का, ते पाहा. असेल तर आठवडाभर ऐका. तुमच्या घरात ओव्या म्हणणारी आजी असेल, पाऊस ओळखणारे आजोबा असतील, तर त्यांना तिथे घेऊन जा आणि त्यांचा आवाज मुद्रित करून ठेवायला सांगा. माचनूरच्या बायकांनी परवान्याची वाट पाहत दहा वर्षं टेप भरल्या. आपल्याला तर आता परवान्याचीही अडचण नाही. लहरी आपल्याच आहेत.