नवा कॉम्प्युटर आला, पण उधारीचा हिशोब आला का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून बॅचमध्ये एकच प्रश्न फिरतोय: "मॅडम, जुना पीसी विंडोज ११ घेत नाही, नवा घेतलाय. टॅलीचा डेटा कसा न्यायचा?" व्हिडिओत बटणं दाखवली आहेतच. इथे जरा निवांत लिहिते, कारण बटणं दाबणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

आधी एक खरी घडलेली गोष्ट. आपल्या बॅचमधल्या एका हार्डवेअर दुकानदाराने ऑगस्टमध्ये नवा पीसी घेतला. रिपेअरवाल्या मुलाने "सगळा डेटा घेतला" म्हणून पेनड्राइव्ह हातात दिला आणि जुना पीसी फॉरमॅट करून टाकला. पेनड्राइव्हवर काय होतं? डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. डेस्कटॉपवर टॅलीचं चित्र होतं, पण तो नुसता शॉर्टकट. दाराची पाटी उचलून आणली, दुकान तिथेच राहिलं!

सीएकडे ३१ मार्चपर्यंतची कॉपी होती. पुढचे पाच महिने परत भरायचे. विक्री बिलबुकांवरून मिळाली, खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या २बी मधून बरीचशी निघाली, बँकेचं स्टेटमेंट होतंच. अडलं कुठे? गिऱ्हाइकांनी उधारीपोटी रोख दिलेले पैसे. त्याची नोंद फक्त टॅलीत होती. गवंडी म्हणतो, "मी जूनमध्येच दिले ना शेठ." आता हो म्हणा किंवा नाही म्हणा, दाखवायला कागद नाही. हो म्हटलं तर पैसे गेले, नाही म्हटलं तर गिऱ्हाईक गेलं.

म्हणून मी म्हणते, प्रोग्राम परत डाउनलोड होतो. उधारी परत डाउनलोड होत नाही.

डेटा नक्की कुठे बसलाय ते आधी बघा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-के दाबून कंपनी ऑल्टरमध्ये गेलात की वरच डेटाचा पत्ता दिसतो. त्या पत्त्यावर नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डर असतात, एका कंपनीचं एक. तीन वर्षांपूर्वी भावाच्या नावाने काढलेली फर्म, मध्येच स्प्लिट केलेलं जुनं वर्ष, हे सगळं वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असू शकतं. सगळं न्या. "जुन्याचं काय करायचंय" असं म्हणू नका. जीएसटी कायद्यात त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशोब सांभाळायचा आहे. २०२३-२४ ची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे ते वर्ष ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हाताशी हवं.

ऑल्ट-वाय मधून बॅकअप घ्या आणि शिवाय ते अख्खं फोल्डरही कॉपी करा. एक पेनड्राइव्हवर, एक दुसरीकडे. कंपनीला टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड असेल तर तो आजच कागदावर लिहा. तो विसरलात तर बॅकअप असूनही कंपनी उघडत नाही, आणि तो परत काढून देणारं कोणी नाही.

लायसन्सचं वेगळं प्रकरण आहे. सिंगल युजर लायसन्स जुन्या पीसीवर सरेंडर करायचं आणि मग नव्यावर चालू करायचं. त्यासाठी ज्या ईमेलवर लायसन्स आहे तो लागतो. अर्ध्या दुकानांत तो ईमेल मालकाचा नसतोच! ज्याने टॅली विकली त्याचा, नाहीतर पुण्याला नोकरीला गेलेल्या भाच्याचा. नवा पीसी आणायच्या आठ दिवस आधी हे तपासा आणि ईमेल स्वतःच्या नावावर करून घ्या.

आता ज्या गोष्टी बॅकअपमध्ये येतच नाहीत. बिलाचा खास फॉरमॅट करून घेतला असेल तर त्याची टीडीएल फाइल वेगळी असते, ती उचला. बिलावरच्या लोगोची फाइलही. उधारी एक्सेलमध्ये ठेवता आणि नावं श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली आहेत? नव्या पीसीवर 'पाटील ट्रेडर्स'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसेल. घाबरू नका, डेटा शाबूत आहे, फक्त तो फॉन्ट टाकायचा राहिलाय. वेळ मिळेल तसं युनिकोडमध्ये आणा म्हणजे ही कटकट कायमची संपेल.

काहीजण घरखर्च ग्नूकॅशमध्ये लिहितात (दुकान आणि घर वेगळं ठेवताय, शाब्बास). तिथे सोपं आहे. साधारणपणे सगळा हिशोब एकाच फाइलमध्ये असतो. पण त्याच फोल्डरमध्ये तारीख-वेळ लावलेल्या बॅकअप फाइलींचा ढीगही असतो, त्यातली चुकीची उचलू नका. प्रोग्राममधून सेव्ह अ‍ॅज करून थेट पेनड्राइव्हवर घेतलेलं बरं.

आणि तारखा! नवे लॅपटॉप कधीकधी अमेरिकन सेटिंगवर येतात. बँकेची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडलीत तर ०३-०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, इथे गोंधळ होतो. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंडिया करा, मगच पुढचं काम.

दिवस कोणता निवडायचा? ३१ मार्च नको, महिन्याची ११ किंवा २० तारीख नको, कारण दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची तेव्हा धावपळ असते. २० नंतरचा आठवडी सुट्टीचा दिवस बघा. आणि एकदा बॅकअप घेतला की जुन्या पीसीवर एकही एंट्री नाही. काउंटरवरचा मुलगा सवयीने जुन्यावर दोन बिलं मारतो, तुम्ही नव्यावर तीन, मग बिल नंबर भिडतात आणि जुळवाजुळवीत संध्याकाळ जाते. जुन्याचा कीबोर्ड काढूनच ठेवा.

पूर्वी दिवाळीला नवी वही घालताना मुनीमजी काय करायचे? जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढायची आणि श्री शिल्लक गल्ल्यातल्या रोकडीशी जुळवायची. आपल्यालाही तेच करायचं आहे. निघण्यापूर्वी जुन्या पीसीवर ट्रायल बॅलन्स, येणेबाकीची बिलवार यादी आणि स्टॅटिस्टिक्स हे तीन रिपोर्ट काढून छापा. स्टॅटिस्टिक्स लोकांना माहीतच नसतं. कोणत्या प्रकारची किती व्हाउचर आहेत ते त्यात दिसतं. नव्यावर रिस्टोर केल्यावर तेच तीन त्याच तारखेचे काढा. सेल्सची व्हाउचर जुन्यावर १,८४२ असतील तर नव्यावर १,८४२ च हवीत. १,८४१ चालणार नाहीत. मग गल्ला मोजा, बँकेची शिल्लक बघा आणि पाच मोठ्या उधारीवाल्यांचं खातं उघडून शेवटची जमा डोळ्यांनी तपासा. अर्धा तास लागतो.

नव्यावर टॅलीची आवृत्ती नवी असेल तर ती डेटा नव्या रूपात बदलून घ्यायला सांगेल. बदललेला डेटा जुन्या आवृत्तीत परत उघडेलच असं नाही, म्हणून पेनड्राइव्हवरच्या मूळ कॉपीला हात लावू नका. सीएकडे जुनी आवृत्ती असेल तर त्यांना आधी फोन करा.

जुना पीसी लगेच एक्सचेंजमध्ये देऊ नका, पोरांना गेम खेळायलाही नको. नव्या पीसीवरून एक पूर्ण महिना बिलं निघू द्या, एक जीएसटी रिटर्न भरून होऊ द्या. मग विकायचा असेल तर हार्ड डिस्क काढून घ्या, त्यात गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि तुमचे खरेदीचे भाव आहेत. डिस्कवर तारीख लिहून ती घरच्या कपाटात ठेवा, दुकानात नको.