एक ब्लॉक म्हणजे किती लांब?

लोणावळ्याहून घाट उतरून दादर, तिथून परळचं टाटा रुग्णालय. मेंदूत गाठ निघालेल्या पोराला घेऊन मावळातून निघालेल्या आईबापांचा प्रश्न एकच असतो, पोर वाचेल ना? वाचलेलं पोर पुढे कसं जगतं, हे मोजायला वैद्यकाला वेळ लागला.

१९४९ मध्ये कार्नोफ्स्की यांची शून्य ते शंभरची मोजपट्टी आली. माणूस कामधंदा करू शकतो का, हे ती पाहायची. पण पोराला कसला कामधंदा? १९८७ मध्ये लान्स्की यांनी त्या जागी खेळ ठेवला. मूल खेळतं का, किती, कसलं. मला आजही हीच मोजपट्टी सर्वांत शहाणी वाटते.

टाटामध्ये २००१ ते २०१२ या काळात राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी हळू वाढणाऱ्या गाठींच्या २०० मुलांवर आणि तरुणांवर चाचणी केली. सुमारे निम्म्यांना नेहमीचे किरणोपचार, बाकीच्यांना गाठीपुरते नेमके बेतलेले. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांत संप्रेरकांचे नवे बिघाड नेहमीच्या किरणांनी ५१ टक्के, नेमक्या किरणांनी ३१ टक्के. बुद्ध्यांकही नेमके किरण मिळालेल्यांचाच बरा राहिला. जीव वाचण्यात मात्र फारसा फरक नव्हता. म्हणजे नुसते वाचलेले मोजले असते, तर हे कळलंच नसतं.

मुलाचं जगणं कसं चाललंय हे मोजायला जगभर वापरली जाणारी ‘पेड्सक्यूएल’ ही २३ प्रश्नांची प्रश्नावली अमेरिकेतल्या जेम्स वार्नी यांची. तिचा पहिलाच प्रश्न एका ‘ब्लॉक’हून, म्हणजे शहरातल्या दोन चौकांमधल्या अंतराहून, जास्त चालण्याचा. आंदर मावळात ब्लॉक कुठून आणायचा? तिथली वाट बांधावरून जाते, लावणीच्या दिवसांत चिखलातून. लहान मेंदूतली गाठ काढलेल्या पोराचा तोल जातो. सडकेवर ते नीट चालेल, बांधावर आईचा हात धरेल. आंघोळीच्या प्रश्नाचंही तसंच. शॉवरखाली उभं राहणं वेगळं, मोरीत बसून तांब्यानं पाणी घेणं वेगळं.

म्हणून प्रश्नावलीचं मराठी करून झाल्यावर ते मुलांपुढे ठेवावं लागतं, ‘यातून तुला काय समजलं?’ असं विचारावं लागतं. मूल आणि पालक यांची उत्तरं वेगवेगळी घ्यायची, असाही नियम आहे. पण आपल्याकडे पोराला विचारलं की उत्तर आजी देते.

मावळातल्या शिक्षकांना आणि आशाताईंना एक विनंती. उपचार संपवून परतलेलं पोर गावात असेल, तर त्यालाच विचारा, मधल्या सुट्टीत तू कुणाबरोबर खेळतोस?