नागिणीचा विळखा आणि ७२ तास

छातीच्या किंवा कमरेच्या एका बाजूला पाणीदार फोडांचा पट्टा उठला, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘नागीण झाली.’ आणि त्यामागोमाग ठरलेला इशारा येतो: तिचं तोंड शेपटीला लागलं की माणूस गेला. या धास्तीनं माणसं झोपत नाहीत, पट्टा किती सरकला ते पुन्हा पुन्हा पाहत राहतात.

सापाचा इथे संबंध फक्त नावापुरता आहे. साप मारल्याचा दोष वगैरे काही लागत नाही. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू त्या बऱ्या झाल्यावरही शरीर सोडत नाही. मज्जारज्जूलगतच्या चेतागाठींत तो निपचित पडून राहतो. वय वाढलं किंवा आजारानं, औषधांनी प्रतिकारशक्ती उतरली, की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं तो त्वचेवर येतो. इंग्लंडमधल्या सिरेनसेस्टर गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये हे मांडलं.

विळखा का पडत नाही, तेही यातच आलं. मज्जारज्जूतून तंतू जोडीनं निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. विषाणू बहुधा एकाच तंतूपुरता जागा होतो, म्हणून पट्टा मध्यरेषेशी थांबतो. क्वचित दोन्हीकडे फोड आलेच, तरी ते जुळल्यानं कुणी मरत नाही. प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या रुग्णात विषाणू फुप्फुसांत किंवा मेंदूत पसरला, तर मात्र जिवाला धोका असतो.

मग मंत्रानं, गेरूच्या लेपानं नागीण ‘उतरते’ कशी? फोड आठ-दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा आपोआप भरून येते. श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं. नुकसान मात्र खरं असतं: असायक्लोव्हिरसारखी औषधं पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केली तर सर्वाधिक उपयोगी पडतात, आणि नेमके तेच तास लेपात जातात. साठीपुढच्या अनेकांना नंतर महिनोन्महिने अशी आग होत राहते, की अंगातला सदराही सोसवत नाही. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर डोळा धोक्यात असू शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘हर्पीस झोस्टर’ वाचून काही घरांत भलताच संशय शिरतो. लैंगिक संबंधातून पसरणारा हर्पीस वेगळ्या विषाणूचा. नागिणीचा त्याच्याशी संबंध नाही.

नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत आणि त्यांची लसही मिळालेली नाही, त्यांना फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपली धरेपर्यंत फोड झाकावेत, तान्ही बाळं आणि कांजिण्या न झालेल्या गर्भवती यांच्यापासून दूर राहावं. ताटवाटी वेगळी करण्याचं कारण नाही.

एकदा झाली की पुन्हा होत नाही, हेही खरं नाही. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसांची लस आता भारतातही मिळते. ती महाग आहे, पण नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते.