पाटीच्या आधी अंगण

प्रवेशाचे दिवस आले की शहरांतील बालवाड्यांच्या दाराशी जमणाऱ्या पालकांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो: 'लिहायला केव्हापासून घेता?' मूल धावते कसे, चढते कुठवर, एका पायावर तोल सांभाळते की नाही, याची चौकशी करणारा पालक विरळा. संस्थाचालकही मग गिऱ्हाइकाचा कल ओळखून वागतात. दोनतीन खोल्या, रंगवलेल्या भिंती, चिमुकल्या खुर्च्या आणि गृहपाठाची वही एवढ्यावर बालशिक्षणाचा प्रपंच उभा राहतो. अंगण असलेच तर ते वाहनांसाठी राखलेले असते.

खेळ म्हणजे अभ्यासातून उरलेला वेळ, ही समजूत या घाईच्या मुळाशी आहे. शरीरशास्त्राची साक्ष मात्र निराळी आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती निव्वळ कूर्चेच्या स्वरूपात असतात आणि पुढे एकेक करून घट्ट होत जातात. तिसऱ्या वर्षी त्यांपैकी दोनतीनच हाडे आकाराला येऊ लागलेली असतात. बहुतेकांची सुरुवात व्हायला सहावे-सातवे वर्ष उजाडते. हातावरचा ताबाही खांद्याकडून कोपराकडे, कोपराकडून मनगटाकडे आणि सरतेशेवटी बोटांकडे, अशा क्रमाने येतो. जे मूल फांदीला लोंबकळते, पाण्याची बादली ओढते, मातीचा ढिगारा चढते, ते एका अर्थी लेखणी धरण्याचीच तयारी करीत असते. सर्वसाधारणपणे मुलाला तिसऱ्या वर्षी वर्तुळ काढता येते, चौकोनाला चौथे-पाचवे वर्ष लागते आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण पाचव्याच्या सुमारास जमतो. आता आपला 'अ' डोळ्यांसमोर आणावा. एकाखाली एक दोन वळणे, त्यांना जोडणारी आडवी रेघ, शेजारी उभा दंड आणि माथ्यावर शिरोरेषा! 'ळ' आणि 'क्ष' यांची तर गोष्टच नको. तीन वर्षांच्या मुलाकडून ही अक्षरे गिरवून घेणे म्हणजे पांगुळगाडा सुटण्यापूर्वीच त्याला शर्यतीत उतरविणे होय.

हे शहाणपण आपल्याला परदेशातून आणावे लागेल असेही नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच या बायकांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागड्या साधनांची जागा खडे, बिया, पाने, शिंपले यांनी घेतली. मूल उघड्यावर, हालते राहून शिकत होते. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. दुर्दैव असे की शब्द गेला तेथे अंगण गेलेच असे नाही. कित्येक अंगणवाड्या आजही भाड्याच्या एका खोलीत भरतात, आणि सेविकेचा दिवस आहारवाटपात व नोंदवह्यांत सरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी किमान १८० मिनिटे अंगाची हालचाल करावी, त्यांतील ६० मिनिटे तरी धावपळीची असावीत आणि पडद्यासमोर बसणे तासाच्या आत राहावे, असे त्यांत म्हटले आहे. लहान मुलाला हुंदडण्याची मात्रा लिहून द्यावी लागावी, यातच आपल्या राहणीचे वर्णन आले. मूल घरी खेळतेच की, असे कोणी म्हणेल. कोठे? सदनिकेच्या दिवाणखान्यात की चेंडू खेळण्यास मनाई असल्याची पाटी लावलेल्या आवारात? त्यातून मुलगी असेल तर 'पडशील' हा धाक अधिकच लवकर सुरू होतो.

यासाठी लागणारा खर्च फार नाही. जुने टायर, दोर, वाळू आणि खडूने आखलेली लंगडीची घरे एवढ्यावर बालवाडीचे काम भागते. बोटांच्या कसबासाठी शेंगा सोलणे, कणकेचा गोळा मळणे, पोळ्याला मातीचे बैल घडविणे यांसारखी साधने आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होतीच. खरी टंचाई जागेची आणि सेविकेच्या हाती उरणाऱ्या वेळेची आहे.

येथे शासनाची जबाबदारी टाळता येणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेसाठी ठरविलेल्या निकषांत मैदानाचा समावेश आहे. पण हा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याखालील मुलांच्या शिक्षणाची सोय सरकार 'करू शकेल' एवढ्यावरच कायदा थांबतो. पहिलीतल्या मुलासाठी जे मैदान आवश्यक मानले, ते त्याच्या चार वर्षांच्या भावंडासाठी ऐच्छिक कसे? राज्याने बालवाडीसाठी नियम करताना वर्गखोलीच्या आधी अंगणाचे मोजमाप घालावे, आणि ते नसेल तेथे जवळच्या उद्यानाचा ठरावीक वेळ बालवाडीसाठी राखून ठेवण्याचे बंधन नगरपालिकेवर टाकावे.